धुपाचं विचारायचं राहिलं

“तुमच्या नाटकात बंदूक उडते का हो?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग व्यवस्थापकांनी सावधपणे विचारलं, “तुम्ही पेपरातून बोलताय का?”

पेपरातून नाही, ईशानच्या घरून बोलत होते. ईशान माझा मुलगा, बारा वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात आणि तो शब्द मला पहिल्यापासून खटकतो. आमचा मुलगा स्वतःत मग्न वगैरे अजिबात नसतो. आजूबाजूचं सगळं एकाच वेळी त्याच्या अंगावर येत असतं. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, शर्टाच्या कॉलरचं लेबल, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, या सगळ्याला त्याच्याकडे सारखाच मान. आपण बाजूला सारतो ते त्याला सारता येत नाही.

हे एवढं सगळं मी व्यवस्थापकांना सांगितलं नाही. “मुलाला अचानक मोठा आवाज झाला की त्रास होतो, आधी कळलं तर तयारी करून आणता येईल,” इतकंच म्हटलं. ते म्हणाले, “मग बालनाट्याला न्या ना. आमचं जरा मोठ्यांचं आहे.”

बालनाट्याचा अनुभव घेऊन झाला होता, म्हणून तर हा फोन.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरचे चौघं एका बालनाट्याला गेलो होतो. मी, नवरा, ईशान आणि माझे सासरे, अण्णा. पुण्यात राहून नातवानं नाटक बघितलेलं नाही याचं अण्णांना फार होतं. १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, बांधकाम खात्यात नुकते लागलेले. तिथल्या पायऱ्या त्यांनी पगारापेक्षा जास्त वेळा मोजल्यात, असं ईशानच्या आजी म्हणायच्या. आम्ही गेलो ते नाट्यगृह कोणतं ते सांगत नाही. थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच होतं.

मुलांचं नाटक म्हणजे मुलाला सोपं जाईल, हा माझा हिशेब. तो साफ चुकला. मुलांना बांधून ठेवायचं म्हणून बालनाट्यात सगळंच दुप्पट असतं. गाणी ट्रॅकवर आणि स्पीकर फाटेस्तोवर, राक्षस येणार म्हणून स्टेजवर धूर, वीज चमकवायला लखलखणारा दिवा. आणि राक्षस आला तो विंगेतून नाही, आमच्या पाठीमागच्या दारातून, रांगांमधून ओरडत. बाकीची पोरं आनंदानं किंचाळली. ईशान खुर्चीच्या खाली गेला. कानांवर हात, डोकं गुडघ्यांत, आणि तोंडातून एक सलग आवाज. त्या आवाजापुढे राक्षसही दोन क्षण थांबला.

आम्ही त्याला उचलून बाहेर काढत होतो तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, “सांभाळता येत नाही तर आणायचं कशाला?” फार मोठ्यानं नाही. अण्णांनाही ते ऐकू गेलं नाही, कारण त्यांच्या कानातलं यंत्र त्या गोंगाटात शिट्टी मारत होतं आणि त्यांनी ते काढून खिशात टाकलं होतं. म्हणजे एका रांगेत दोघं, एकाला आवाज असह्य आणि दुसऱ्याला शब्दच कळत नाही. तिकिटं चार, नाटक बघितलं कुणीच नाही.

त्या लखलखत्या दिव्याचं मला घरी आल्यावर जास्त भय वाटलं. ईशानला चौथ्या वर्षी फिट आली होती. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि सेकंदाला तीन ते तीस वेळा लखलखणारा उजेड काहींना फिट आणू शकतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलेलं. दारावर एक पाटी लावली असती, “या प्रयोगात स्ट्रोब लाइट आहे”, तर मी आत पाऊल ठेवलं नसतं. पाटी होती, पण ती बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत याची.

ईशानची थेरपिस्ट ताई सगळं ऐकून म्हणाली, “तुम्ही मोठ्या आवाजाच्या मागे लागलाय. त्याला गणपतीतला ढोल चालतो ना?” खरंच चालतो. गल्लीच्या टोकापासून तो येताना दिसतो, जवळ येतो, लांब जातो. “मग त्रास आवाजाचा कमी आणि अचानकपणाचा जास्त आहे. काय होणार ते आधी सांगा.”

माझी नणंद लंडनला असते. तिच्याकडून कळलं की तिकडे काही प्रयोगच वेगळे लावतात, ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणून. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज थोडा खाली ठेवतात, मध्येच उठून बाहेर गेलं, परत आलं, बसल्याजागी डोललं, तोंडानं आवाज केला, तरी कुणी वळून बघत नाही. बाहेर एक शांत खोली असते. अमेरिकेत ब्रॉडवेवर असा पहिला प्रयोग २ ऑक्टोबर २०११ ला झाला, ‘द लायन किंग’चा, थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेनं घडवून आणलेला. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मध्येच उठून जायचं, बोलायचं, पोरं रडायची. आमच्या गावच्या जत्रेतला तमाशा असाच असायचा. इंग्रजांनी नाव काय दिलंय त्याला?”

तसा प्रयोग आपल्याकडे लागायची वाट बघत बसायचं, की आहे त्या प्रयोगाला आपणच माहिती काढून जायचं, एवढाच प्रश्न होता. मी दुसरा मार्ग धरला.

आधी नाटक निवडलं, आणि ते बालनाट्याच्या बरोबर उलटं. एकच घर, एकच सेट, चार पात्रं, बोलकं. ईशानला त्यातला विनोद किती कळेल हा प्रश्न बाजूला ठेवला. त्याला माणसं एका ठिकाणी बसून बोलताना बघायला आवडतात, आणि घरातल्या वस्तू आवडतात. स्टेजवर खरा मिक्सर आहे असं एका परीक्षणात वाचलं, तिथेच माझं ठरलं.

मग तो फोन. व्यवस्थापक सुरुवातीला गमतीत घेत होते, पण मी बंदुकीनंतर धूर विचारला, अंधार विचारला, तेव्हा म्हणाले, “थांबा, मुलाला देतो, तोच सगळं वाजवतो.” मुलगा म्हणजे ध्वनीसंयोजन सांभाळणारा. त्याचा आवाज विशीतला. तो मात्र एकदम कामावर आला. “ताई, एक मिनिट, क्यू शीट काढतो.” कागदांची सळसळ. “हं, लिहून घ्या. पहिल्या अंकात दारावरची बेल चार वेळा. मिक्सर एकदा, तो खरा आहे, आठ-दहा सेकंद. अंक संपताना काचेचं भांडं फुटतं, ते ट्रॅकवर आहे, मोठं आहे. दुसऱ्या अंकाची सुरुवातच गडगडाटानं. ब्लॅकआउट पाच. सगळ्यात लांब बारा सेकंद.” मग स्वतःहूनच म्हणाला, “भांड्याचा थोडा कमी करता येईल मला, पण गडगडाटाचा नाही, त्यावर एन्ट्री आहे.”

मी इतक्या वर्षांत शाळा, दवाखाने, बँका सगळीकडे ईशानबद्दल बोलले आहे. पहिल्यांदाच कुणीतरी “होतो का असा त्रास?” न विचारता सरळ यादी दिली.

त्याच आठवड्यात नाट्यगृहाच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. प्रयोगाच्या आधी एकदा रिकामं नाट्यगृह मुलाला दाखवायचं होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि माझ्या मागे बघितलं.

“व्हीलचेअर कुठंय?”

“व्हीलचेअर नाही. तो चालतो.”

“मग दिव्यांग कसा?”

मी ईशानचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पुढे केलं. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यातला एक आहे, हे मी आता झोपेतही सांगू शकते. त्यांनी कार्ड उलटून पालटून पाहिलं आणि मुळीच वाईट न बोलता म्हणाले, “आमच्याकडे रॅम्प आहे.” म्हणजे आमच्या बाजूनं विषय संपला, असा त्याचा अर्थ. परवानगी मात्र दिली, बुधवारी सकाळी अकराची, झाडलोट चालू असते तेव्हा.

रॅम्प बघायला अण्णा हटकून आले. गुडघे गेलेत, काठी आहे, पण खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. रॅम्पपाशी थांबले, काठी आडवी टाकून मोजलं. “एकास बारा पाहिजे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. इथे चार पायऱ्यांची उंची आहे, धरा दोन फूट. चोवीस फूट उतार लागेल. यानं दहा फुटांत उरकलाय.” मग जरा थांबून, “वर गुळगुळीत फरशी. पावसाळ्यात यावरून खुर्ची नाही, माणूसच घसरत खाली जाईल. हा चढायला नाही केलेला, फोटोला केलाय.”

आत गेल्यावर आणखी गंमत. रॅम्पवरून व्हीलचेअर फॉयरपर्यंत येते, पुढे प्रेक्षागृहात उतरत्या पायऱ्याच. तिथे रखवालदार म्हणाले की खुर्चीवाले कुणी आले तर आम्ही चौघं उचलतो आणि बाजूच्या वाटेत ठेवतो. उचलून नेलेलं किती जणांना आवडत असेल, आणि आग लागली तर त्या वाटेत अडकलेल्या खुर्चीचं काय, हे दोन्ही प्रश्न अण्णांनी त्यांना विचारले. ते बिचारे हो हो म्हणत राहिले. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह होतं, दारावर निळी पाटीही होती आणि कुलूपही. किल्लीवाला जेवायला गेलेला. सकाळी सव्वाअकराला. खिडकीच्या फटीतून आत बादल्या आणि गुंडाळलेले जुने फलक दिसले.

ईशानला यातलं कशाचंच काही नव्हतं. त्याला खुर्च्या सापडल्या होत्या. नाट्यगृहातली खुर्ची उठलं की आपोआप मिटते, आणि मिटताना धप् आवाज होतो. तो बसला, उठला, धप्. पुन्हा बसला. शेवटच्या रांगेतल्या एकूण एक खुर्च्यांची त्यानं परीक्षा घेतली आणि अकरावी वाजत नाही हे मला दाखवलं. मी फोटो काढत होते. बाहेरची पायरी, तिकिटाची खिडकी, दार, दाराचा जाड पडदा, आमची रांग, स्टेज, बाहेरचा बाक. एक झाडूवाल्या मावशी होत्या, त्यांनी हसून फोटो काढू दिला. रखवालदारांना म्हटलं, घंटा ऐकवाल का? त्यांनी आत जाऊन खरंच दिली. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली.

त्या फोटोंची वही केली. याला सोशल स्टोरी म्हणतात. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकेतल्या शिक्षिकेनं १९९० च्या सुमारास ही पद्धत बसवली. युक्ती अशी की “असं करायचं नाही, तसं करायचं नाही” न लिहिता काय होणार आणि त्या वेळी काय करता येईल, ते मुलाच्या बाजूनं लिहायचं. आमची वही अशी होती: मी नाटकाला जाणार आहे. बाहेर गर्दी असेल. दार उघडलं की आत थंड वाटेल. पहिली घंटा होईल. दुसरी घंटा होईल. तिसरी घंटा झाली की अंधार होईल. अंधार म्हणजे संपलं नाही, अंधार म्हणजे सुरू. लोक एकदम हसतील. हसणं म्हणजे भांडण नाही. मला नको वाटलं तर मी आईचा हात दोनदा दाबीन आणि आम्ही बाकावर जाऊन बसू.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की मराठी नाटकानं अर्धं काम आधीच करून ठेवलंय. तीन घंटा म्हणजे काय? “आता बदल होणार आहे” हे सांगायची पद्धत. थेरपिस्ट ताई हेच पंधरा-पंधरा मिनिटांचे टायमर लावून शिकवते. आणि जुन्या नाटकात सूत्रधार आधी येऊन आज काय बघायचंय ते सांगायचा, तो तरी वेगळं काय करत होता? सिनेमाला ही सोय नाही, तिथे जाहिरातींमधून कधी एकदम सिनेमा सुरू होतो कळत नाही.

मग पंधरा दिवस आमच्या घरी जेवणाला घंटा. मोबाइलवर पहिली झाली की हात धुवायचे, दुसरीला पाट-ताट, तिसरीला दिवा घालवायचा. अण्णा “पडदा वर!” म्हणून पातेल्यावरचं झाकण उचलायचे. ईशान आधी दचकायचा, मग हसायला लागला, आणि शेवटच्या आठवड्यात माझ्या आधी तोच बटणाशी हात नेऊन बसायचा. सोबत कानावर घालायचे इअरमफ होते, कारखान्यात यंत्रावर काम करणारे वापरतात तसले. आवाज पूर्ण बंद होत नाही, धार जाते. ते घरात घालून सराव झाला नाही तर बाहेर मुलं फेकून देतात, म्हणून मिक्सर लावताना रोज घालायचे.

तिकिटं मुद्दाम खिडकीवर जाऊन काढली. ॲपवर खुर्च्यांचे चौकोन दिसतात, पण स्पीकर कुठे, पायरी कुठे, दार कुठे, यातलं काही दिसत नाही. खिडकीतल्या काकांसमोर कागदी प्लॅन पसरलेला. मी म्हटलं, शेवटच्या रांगेतल्या, दाराकडच्या कडेच्या दोन. ते म्हणाले, “पुढे चांगल्या आहेत की अजून, मागं कशाला जाताय?” पुढच्या दोन हव्याच आहेत, पण वेगळ्या, असं म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. नवरा-बायकोचं भांडण झालंय असा त्यांचा समज झाला असावा.

पुढच्या दोन अण्णांसाठी. त्यांच्या ऑडिऑलॉजिस्टनं सांगितलं होतं, काही श्रवणयंत्रांत एक बारीक तारेची गुंडाळी असते, टेलिकॉइल. सभागृहात भोवताली लूपची तार टाकलेली असेल तर माइकचा आवाज त्या गुंडाळीतून थेट कानात येतो. मधला पंख्याचा, खोकल्याचा, वेफर्सच्या पुड्यांचा आवाज गळून जातो. नाट्यगृहात विचारलं तर “लूप म्हणजे?” इथपासून सुरुवात. तेव्हा अण्णांचा उपाय जुनाच, ओठ दिसतील एवढं जवळ बसायचं. चौथी रांग, मधला भाग. कडेला नको, कारण तिथे स्पीकर थेट अंगावर येतो आणि यंत्र शिट्टी मारतं. एकाला चौथी रांग, एकाला शेवटची. एकाच घरातल्या दोघांची ‘सोय’ एकमेकींपासून पंचवीस-तीस पावलं लांब.

रविवार, दुपारी साडेबाराचा प्रयोग. ही वेळ मी मुद्दाम निवडली. नऊ-साडेनऊच्या प्रयोगाला ईशान आधीच दिवसभराचा थकलेला असतो. अकराला घरी वरण-भात झाला, ओळखीचा टी-शर्ट, वही, इअरमफ, हातात दाबायचा रबरी चेंडू. बाराला पोचलो. फॉयरमध्ये नटूनथटून माणसं, वड्याचा खमंग वास, कुणीतरी कुणाला तरी लांबून हाक मारतंय. ईशाननं वही उघडली, बाकाचा फोटो दाखवला आणि बाकाकडे बोट केलं. बसलो. पहिली घंटा झाली. “हात धुवा,” ईशान म्हणाला.

इथपर्यंत सगळं वहीबरहुकूम.

दुसऱ्या घंटेला दार उघडून आत शिरलो आणि ईशान जागच्या जागी थांबला. मग माझ्याही नाकाला कळलं. धूप.

नाटकाआधी रंगमंचाची पूजा होते, नारळ फुटतो, धूप-उदबत्ती होते, हे मला लहानपणापासून माहीत. मला तो वास आवडतो, पडदा उघडायच्या आधीचं निम्मं सुख त्या वासात आहे. म्हणूनच तो माझ्या यादीत आला नाही. मी धुराचं विचारलं होतं, यंत्राच्या धुराचं. पूजेचा धूर कुणाला सांगावासा वाटला नाही आणि मला विचारावासा वाटला नाही. वातानुकूलित बंद खोलीत तो चांगलाच साठला होता. ईशाननं टी-शर्ट नाकावर ओढला, माझा हात दोनदा दाबला आणि वळला.

बाकावर. तिसरी घंटा बाहेरून ऐकली. माझ्या पोटात खड्डा पडला होता. पंधरा दिवसांची तयारी आणि अडलं कशात, तर धुपात. दारावर एक डोअरकीपर मामा होते, साठीचे असतील. मी त्यांना म्हटलं, धुपाचा वास कमी होईपर्यंत थांबतो, मग सोडाल का आत? नियम असा की सुरू झाल्यावर मध्ये सोडत नाहीत. ते ईशानकडे बघत होते, तो वहीतला खुर्चीचा फोटो बोटानं घासत बसलेला. मामा आत जाऊन आले. दहाएक मिनिटांनी पुन्हा आत जाऊन आले. “आता नाही येत फारसा. या. पण बसायला जाऊ नका, अंधारात धडपडाल. इथे पडद्याला लागून उभे राहा, मी आहे.”

आणि ती जागा आमच्या तिकिटांपेक्षा चांगली निघाली. शेवटच्या रांगेमागे, भिंतीला पाठ, हाताशी दार. कुणाच्या अंगाला अंग लागत नाही. ईशान उभा राहिला आणि डोलायला लागला, उजव्या पायावरून डाव्या पायावर. तो असाच बघतो, लक्ष असलं म्हणजे. खुर्चीत बसवला असता तर डोलणं समोरच्या खुर्चीला लागलं असतं, आणि मग “ए बाळा, हलू नकोस”.

दारावरची बेल, एक. ईशाननं बोट वर केलं. यादी त्याला पाठ होती.

यादीत नसलेलं दुसरं काही चारच मिनिटांत आलं. नाटकातला नावाजलेला नट दार ढकलून आत आला आणि अख्खं नाट्यगृह टाळ्यांनी कोसळलं. अजून एक शब्द बोललेला नाही, एन्ट्रीलाच टाळ्या! हे मराठी प्रेक्षकाचं वागणं कुठल्या क्यू शीटवर असणार? ईशानचे हात इअरमफवर गेले, डोळे मिटले, तोंडातून तो आवाज सुरू झाला, बारीक. मी हात पुढे केला, दाब म्हणून. त्यानं धरला, पण दाबला नाही. टाळ्या थांबल्या तसा आवाजही थांबला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वळून बघितलं. मामांनी त्यांना हातानंच खूण केली, बघा तिकडे.

मिक्सर लागला तेव्हा मात्र आमचा माणूस खूश. कानावरचे मफ त्यानं स्वतः थोडे वर उचलले, ऐकला, परत खाली सोडले. मिक्सर बंद झाला, पात्राचा संवाद झाला, मग नाटकात एक मोठी शांतता आहे. त्या शांततेत ईशाननं नुकताच झालेला संवाद मोठ्यानं, त्याच सुरात म्हटला: “चटणीत पाणी कोणी घातलं?”

हसले लोक. काही जण चिडले, “शूक्” झालं दोन ठिकाणाहून. मला लाज वाटली का? वाटली, खोटं कशाला सांगू. पैसे मोजून आलेल्या माणसांची ती शांतता होती, आणि नटानं ती मेहनतीनं उभी केलेली. ज्यांना त्रास झाला त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हणूनच वेगळा प्रयोग हवा, महिन्यातून एखादा, जिथे येणाऱ्या सगळ्यांना आधीच ठाऊक असेल. पण तो होईपर्यंत ईशाननं घरी बसावं, हेही मला म्हणता येत नाही.

भांडं फुटलं. मी श्वास धरून उभी होते, आणि ते फुटलं अगदीच किरकोळ, शेजारच्या घरात फुटावं तसं. वर प्रकाशाच्या केबिनशेजारी बसलेल्या त्या मुलानं लक्षात ठेवलं होतं. मध्यंतरात त्याला भेटायचं ठरवलं होतं, पण मध्यंतराची गर्दी फॉयरमध्ये लोटली आणि ईशानला घेऊन आम्हाला आवारात झाडाखाली जावं लागलं.

अण्णा काठी टेकत तिथे आले. पहिला अंक त्यांना बारा आणे कळला होता. “तो नट आपल्याकडे पाठ फिरवून बोलतो ना, तेव्हा माझा संवाद जातो. आमच्या वेळी स्पर्धेच्या नाटकात दिग्दर्शक शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा, ऐकू नाही आलं की चप्पल फेकायचा. आता माइक आहेत, म्हणून हे स्वतःशीच बोलतात.” मग नातवाकडे बघून, “चटणीवालं तू म्हटलंस ना? ते मला ऐकू आलं बरं का चौथ्या रांगेत. स्वच्छ.”

दुसरा अंक गडगडाटानं सुरू होणार होता, त्यामुळे आम्ही तो दाराबाहेर उभं राहून ऐकला. दाराच्या फळीवर ईशाननं तळहात ठेवला होता. कंप थांबल्यावर आत गेलो. वीसेक मिनिटं बघितलं. मग त्यानं हात दोनदा दाबला, काही झालं नव्हतं, त्याचं पोट भरलं होतं इतकंच. उरलेला वेळ बाकावर. मामांनी चहा आणून दिला, पैसे घेतले नाहीत.

घरी येताना रिक्षात ईशान म्हणाला, “बेल तीन.” मला कळेना. रात्री जेवताना पुन्हा, “बेल तीन. चार नाही.” मग कळलं. यादीत बेल चार वेळा होती. आम्ही आत शिरायच्या आधी, धुपाच्या त्या दहा मिनिटांत, एक वाजून गेली होती. ती त्याची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना फोन केला. या वेळी त्यांनी माझा आवाज ओळखला. धुपाचं ऐकून म्हणाले, “ते काही थांबवता नाही यायचं बाई, नटेश्वराचं आहे. पण अर्धा तास आधी उरकून दारं उघडी ठेवायला सांगतो.” पुढचा प्रयोग कधी विचारलं, तर तीन आठवड्यांनी आहे, पण साडेपाचचा, आणि दुसऱ्या नाट्यगृहात. तिथली घंटा कशी वाजते ते मला माहीत नाही. बुधवारी सकाळी जाऊन रेकॉर्ड करून आणायचीय, आणि अण्णा म्हणतात, रॅम्प मोजायला त्यांना घेतल्याशिवाय जायचं नाही.